दात बघून घेतलेला कोर्स

भाऊ गेल्यावर त्याचा बंद पडलेला संगणक विकायला मी शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले होते. तिथे एक मुलगी कोर्सची चौकशी करत बसली होती. मुरबाडच्या कारखान्यात ती संगणकावर नोंदी करायची. संगणक अडला की दुरुस्तीवाला येईपर्यंत स्वस्थ बसावं लागे. आता तो नोकरी सोडत होता, आणि त्याची जागा तिला हवी होती.

"हार्डवेअर मुलींचं काम नाही गं," क्लासचे सर म्हणाले. "टॅली कर, एसीत बसशील."

"टॅलीनं खुर्ची बदलंल सर, काम नाय."

"मग नेटवर्किंगची परीक्षा दे. सर्टिफिकेट भारी दिसतं."

"ती नंतर. मशीन खोलता येत नाय, तर भारी कागद काय कामाचा? आणि फी भरायच्या आधी एक मशीन खोलून शिकवून दाखवा. म्हसा गावच्या जत्रंत आमी दात बघितल्याबिगर बैल घेत नाय."

सर हसले. "माझा क्लास बैल आहे का?"

"दात दाखवत नाय तो बैल म्हातारा असतो, असं बाबा म्हनतात."

सरांनी मला विचारून भावाचाच संगणक उघडला. ओढणी कमरेला खोचून ती एकेका भागावर बोट ठेवत होती, "हे कशाला?" म्हणत होती, आणि उत्तर पटेपर्यंत बोट हलवत नव्हती. शेवटी तिने हार्डवेअरलाच नाव घातलं.

मग आतली धूळ हळूच पुसत मला म्हणाली, "ताई, हा काय म्हातारा नाय. एवढ्यात कशाला विकता?"

भाऊही म्हातारा नव्हता. मी संगणक परत घरी आणला.