सुवाच्या डोंगराखाली: पप्पा, हाना आणि रानडुकरं

लोक जपानातल्या सुवाला सरोवर बघायला जातात, गरम पाण्याच्या झऱ्यांत डुंबायला जातात. मी गेले सासऱ्यांचं मन वळवायला.

पप्पा, म्हणजे माझे सासरे, ठाण्याहून आमच्याकडे तोक्योजवळ उरायासुला आले आणि आठवड्याभरात जेवता जेवता म्हणाले, "हानाला माझ्याबरोबर पाठवा. तीन-चार वर्षं लेआकडे राहील, आपल्या माणसांत वाढेल." हाना माझी सात वर्षांची मुलगी, लेआ माझी नणंद. मी ते हसण्यावारी नेलं. जॉयल, माझा नवरा, मात्र हसला नाही. आपण मराठीत विचारावं आणि लेकीने जपानीत उत्तर द्यावं, हे त्यालाही डाचतं. पुढे लेआने ठाण्यातल्या शाळेत चौकशीसुद्धा केली आणि माझी झोप उडाली.

नव्या वाचकांसाठी सांगते, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात मानतात. तेल गाळायचे आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. ठाण्यात आमचं प्रार्थनामंदिर आहे, नातेवाईक आहेत. उरायासुमध्ये मराठी मंडळी पुष्कळ. गणपतीला आम्हाला आवर्जून बोलावतात, मोदक हातात देतात. पण शुक्रवारी संध्याकाळी, शनिवार लागताना, दिवा लावणारं घर आमचं एकटंच.

अशात पप्पांच्या भाच्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला: जपानी लोक म्हणजे इस्राएलचे हरवलेले वंश! मूळ गोष्ट अशी. शलमोन राजानंतर प्राचीन इस्राएलची दोन शकलं झाली. उत्तरेकडच्या राज्यातले दहा वंश अश्शूरच्या राजांनी पळवून नेले, आणि पुढे त्यांचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही. जगात जिथे तिथे लोक त्यांना शोधत असतात. काहींना ते सुवाच्या देवस्थानात सापडलेत. इतिहासकार हे मानत नाहीत, मीही मानत नाही. पण पप्पांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, तेव्हा मी मनात म्हटलं, बरंच झालं. इथेही आपलीच माणसं आहेत असं त्यांना वाटलं, तर हानाला न्यायचा विषय आपोआप मिटेल.

पप्पा शनिवारी प्रवास करत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी निघालो. सोमवारी हानाच्या शाळेला सुट्टी होती. जॉयल तोयोसुच्या ऑफिसात अडकलेला. तोक्योतल्या शिंजुकुहून सुवाजवळच्या चिनो स्टेशनपर्यंत एक्स्प्रेसने दोन तासांच्या आसपास लागतात. माणशी साधारण सहा हजार येन, मुलांना अर्धं. सगळ्या सीट आरक्षित असतात, तेव्हा तिकीट आधी काढा. नोव्हेंबरात तर नक्कीच, कारण सगळं तोक्यो लाल पानं बघायला बाहेर पडतं. मी घरून मेथीचे ठेपले आणि उकडलेली अंडी नेली होती. शेजारच्या आजीबाईंनी ठेपल्याच्या वासाने दोनदा मान वळवली, मग हानाने त्यांना एक देऊन टाकला.

चिनोहून देवस्थानांकडे जाणाऱ्या बस फार कमी आहेत. वृद्ध माणूस बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. आमचा टॅक्सीवाला बोलका निघाला. मी जपानीतून मराठीत आणि मराठीतून जपानीत करत बसले.

"समोरचा डोंगर मोरिया," तो म्हणाला. "वरच्या देवस्थानात मुख्य गाभारा नाही. डोंगरच देव."

"मूर्ती नाही?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

पप्पा सीटवर पुढे सरकले. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला ज्या प्रदेशात घेऊन गेला, त्याचं नाव मोरिया. पूर्वी इथल्या वसंतातल्या उत्सवात एका मुलाला खांबाला बांधून मग सोडून देत, असंही सांगतात. हात धुऊन आत जायचं, पवित्र जागेपुढे पडदा, नैवेद्याला हरणांची मुंडकी. मी एकेक गोष्ट उत्साहाने दाखवत होते. व्हिडिओतलं सगळं तिथे हजर होतं आणि मला वाटलं, रेचल, जिंकलीस!

पप्पा मात्र दगडी पायऱ्यांवर बसले आणि वरच्या झाडीकडे बघत राहिले. हाना खाली झऱ्यात पानं सोडत होती.

"रेचल, हे खरंच आपले असतील, तर काय झालं यांचं?"

"राहिले की सुखाने. बघा ना, किती सुंदर जागा आहे."

"विसरले," पप्पा म्हणाले. "शनिवार विसरले. शेमा विसरले. आपण कोण तेसुद्धा विसरले. नुसता डोंगर तेवढा राहिला." मग हानाकडे बोट करून म्हणाले, "हिचंही असंच होणार. मी लेआला सांगतो, शाळेचं पक्कं कर."

स्वतःच्या हाताने मी त्यांना इथवर आणलं होतं. शेमा म्हणजे आमची मुख्य प्रार्थना, देव एकच आहे असं सांगणारी. हानाला ती अर्धी येते, आणि त्या अर्ध्याचा दोष माझ्याकडे जातो. मी उठून खाली झऱ्यावर हानाकडे गेले. तिथे थांबले असते तर रडले असते.

जवळच एक छोटं संग्रहालय आहे, तिकीट अगदी किरकोळ. टॅक्सीला वेळ होता म्हणून आत गेलो. जुन्या उत्सवातला नैवेद्य तिथे जसाच्या तसा मांडून दाखवलाय. भिंतीवर हरणांची मुंडकी ओळीने लावलेली. हाना माझ्यामागे लपली. पप्पा हात पाठीमागे बांधून एकेक मुंडकं बघत पुढे गेले आणि कोपऱ्यात थबकले.

"हे काय आहे गं?"

"रानडुक्कर," मी पाटी वाचून सांगितलं.

"डुक्कर? देवाला?"

"हो. इकडे ससापण आहे, सळईत ओवलेला."

"ससासुद्धा!" पप्पा एवढ्या मोठ्याने हसले की तिकिटाच्या खिडकीतल्या बाई डोकावल्या. "अगं, आपल्या धर्मात हरीण चालतं. पण डुक्कर? ससा? वाट्टेल ते विसरेल माणूस, पण देवापुढे डुक्कर नाही ठेवणार! ही आपली माणसं नव्हेत. कधी नव्हतीच!"

शास्त्र म्हणून हे कितपत टिकेल, मला शंका आहे. प्राचीन इस्राएली लोक काही सोवळ्यात बसलेले नव्हते. घरोघर मातीच्या मूर्ती होत्या, टेकड्याटेकड्यांवर परक्या देवांच्या वेद्या होत्या आणि संदेष्टे त्यावरून घसा फोडून ओरडत होते. पण डुकराबाबत पप्पांच्या बाजूनेही थोडं आहे. इस्राएलींच्या डोंगरातल्या सुरुवातीच्या वस्त्या खणल्या, तर डुकराची हाडं फारशी सापडत नाहीत म्हणे. मी वाद घातला नाही. पप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. दहा वंश जपानमध्ये विरघळले नव्हते. निदान इथे तरी नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी देवस्थानाकडे बघून हात जोडले. "छान जागा आहे," म्हणाले. "ज्यांची आहे त्यांना लखलाभ."

मुक्काम कामिसुवाला, सरोवराकाठी. साधं हॉटेल घ्या, पण गरम पाण्याचं स्नान असलेलंच घ्या. स्टेशनच्या फलाटावरसुद्धा पाय शेकायला गरम पाण्याचं कुंड आहे. ठाण्याच्या शाळेचा विषय रात्री निघाला नाही.

सोमवारी दुपारी माझं ठरलेलं सोबा नूडल्सचं दुकान बंद निघालं. सोमवारी सुवाला जाणार असाल तर आधी फोन करा. पप्पा दमले होते. उघडं होतं ते सरोवराकाठचं एक हॉटेल, वाम माशासाठी प्रसिद्ध. भाजलेल्या वामाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. वाढणाऱ्या बाईंनी हानापुढे मेनूकार्ड ठेवलं आणि कौतुकाने वामाच्या चित्रावर बोट ठेवलं.

हानाने त्यांना जपानीत विचारलं, "याला खवले असतात का?"

बाई गोंधळल्या. "नाही गं, गुळगुळीत असतो."

"मग नको. ते छोटे मासे आहेत ना सरोवरातले, त्यांना आहेत?"

"आहेत, बारीक बारीक."

"मग ते द्या. तीन."

मी पप्पांना सगळं मराठीत सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू शिकवलंस?"

"नाही पप्पा. शप्पथ." मी हानाला विचारलं.

हाना वैतागून जपानीत म्हणाली, "आजोबा सुपरमार्केटमध्ये नेहमी नखाने बघतात ना! खवले नसतील तर परत ठेवतात."

मी तेही मराठीत सांगितलं, तेव्हा पप्पांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी हानाला एक गोष्ट सांगितली, आमच्या घरांत सगळ्यांना माहीत असलेली. कोकणातल्या आपल्या लोकांचं सगळं विसरून झालं होतं. बाहेरून एक विद्वान आला. ही माणसं खरंच इस्राएलची आहेत का, हे बघायला त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी आपल्याला चालते ती, पर आणि खवले असलेली मासळी तेवढी वेगळी केली, बाकीची बाजूला सारली. ते बघून त्याने ओळखलं.

"मग त्यांना काय दिलं? बक्षीस?" हानाने विचारलं. मराठीत!

"शिकवलं," पप्पा म्हणाले.

तळलेले मासे कुरकुरीत होते, लिंबू पिळून खायचे. वामापेक्षा बरेच स्वस्तही. पप्पांनी स्वतःच्या ताटातले अर्धे हानाला दिले. येताना गाडीत ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि शिंजुकु येईपर्यंत ते हलले नाहीत.

सुवाला जावं का? जरूर जा. कोणाला हरवलेले वंश सापडतील की नाही, ते मला माहीत नाही. मला तिथे माझीच मुलगी नीट दिसली, आणि मी तिला काय काय दिलं नाही तेही दिसलं. ते आता द्यायचं आहे.

घरी पोचलो त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भात लावत होते. बाहेर पप्पा लेआशी फोनवर बोलत होते.

"शाळेला नाही म्हणून सांग," ते म्हणाले. "नाही गं, भांडण कसलं? ती इथेच राहील, आईजवळ. मी रोज फोनवर शेमा म्हणवून घेईन, उरलेली अर्धी."

मी भाताखालची आच बंद केली आणि तिथेच, फरशीवर, खाली बसले.