माझ्या पुस्तकाची सीडी

परळीत पहिला सायबर कॅफे उघडला, त्याच वर्षी माझ्या पुस्तकाची सीडी निघाली. मला न विचारता.

मी तेव्हा परळीत शिक्षिका होते. नेकनूरमधल्या माझ्या लहानपणावर एक पुस्तक लिहिलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकानं ते छापलं, प्रती संपल्या. नवी आवृत्ती काढा म्हणून मी पत्रावर पत्र धाडत होते. एकाचंही उत्तर नाही. सीडीची बातमी मला दिली ती स्टेशनजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या चाचांनी.

चाचा उर्दू शाळेत शिकलेले, पण मराठी वाचायची लई हौस. बायको अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी गाड्यावर पोतं टाकून ते घरी जायचे आणि तिला काहीबाही वाचून दाखवायचे. माझं पुस्तक हवं म्हणून त्यांनी थेट पुण्याला लिहिलं होतं.

"बाई, किताब मागवली तर हे आलं," चकाकती चकती माझ्यापुढं धरत ते म्हणाले. "ह्याच्यात तुमी कुठं हाय?"

वेष्टनावर पंचवीस-तीस लेखकांची नावं होती. त्यात बारीक अक्षरात माझं.

आम्ही दोघं सायबर कॅफेत गेलो. लाइट गेलेली. समोर औष्णिक केंद्राची धुराडी धूर ओकत होती, राख आमच्या अंगावर पडत होती, आणि वीज मात्र आमच्या वाट्याला नव्हती. तासाभरानं ती आली, सीडी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा नुसता काला.

"मराठी फॉन्ट न्हाई ना आपल्याकडं," मालक म्हणाला.

"ही कोणती जबान हाय, बाई?" चाचांनी विचारलं. मीच काही लबाडी केल्यासारखी मला लाज वाटली.

पुढच्याच महिन्यात तो प्रकाशक प्रदर्शन घेऊन बीडला आला. मी सुट्टी टाकून एस.टी.नं गाठलं त्याला.

"ताई, कागदाचे दिवस संपले," तो हसून म्हणाला. "काळाबरोबर चला."

"चालते की. पण मला विचारावं असं कावून वाटलं न्हाई तुमाला?" रागात माझी शाळेतली भाषा गळून पडली होती.

"अहो, तुमच्या भागात कॉम्प्युटर आहे कुणाकडे? इथं कोण बघणार आहे ते?"

"मग ज्यांच्यावर लिहिलं, त्यांनीच वाचायचं न्हाई?"

माझा आवाज इतका चढला की पुस्तकं चाळणारी माणसं भोवती गोळा झाली. पुस्तकाचे सगळे हक्क परत केल्याचं लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही. मला घालवायला म्हणून त्यानं ते खरडून दिलं.

बीडच्याच एका छापखान्यानं नवी आवृत्ती काढली. अक्षरजुळणी कॉम्प्युटरवरच झाली. ऑपरेटरशेजारी बसून मी एकेक काना-वेलांटी तपासली. यंत्राशी माझं भांडण कधीच नव्हतं.

पहिली प्रत चाचांना दिली. त्यांच्या बायकोचं माहेर नेकनूरचंच निघालं. तिनं निरोप धाडला, "पाचव्या पानावरची विहीर शाळेमागं न्हाई, दर्ग्यामागं हाय." चूक माझीच होती.

ती सीडी मात्र नंतरही विकली जात होती, वेष्टनावर माझ्या नावासकट. मी आणखी तीन पत्रं लिहिली. तो माणूस आता सभांमधून वाचनसंस्कृतीवर बोलतो म्हणे. ऐकलं की आजही माझी कानशिलं तापतात.