नावाचा रकाना

माझ्या नातीच्या जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आला. तो कोरा सोडायला मीच सांगितले होते. त्या रकान्याबद्दल पुढे मी अकरा पत्रे लिहिली. त्यांपैकी एकातही ही गोष्ट नमूद केलेली नाही.

मी वकील नाही. नोकरी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर झाली आणि उरलेला वेळ पत्रे लिहिण्यात गेला. विजेचा खांब, स्मशानाचा रस्ता, रेशनचे धान्य, ज्याची दाद लागत नव्हती त्यासाठी लिहिले, आणि बऱ्याचदा दाद लावून घेतली. आटगावच्या आमच्या बाजूची माणसे आजही कागद घेऊन माझ्या ओटीवर येतात आणि कलम विचारतात. याचा मला अभिमान होता.

सुनेला सातव्या महिन्यातच कळा आल्या. तिचे आधीचे मूल पोटातच गेले होते. ही मुलगी जिवंत जन्मली, पण इतकी लहान की तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवावे लागले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून माझा मुलगा मोबाइलवर एक यादी वाचू लागला: जगभरातली मुलींची नावे, आणि सगळ्यांचा अर्थ कुठल्या ना कुठल्या भाषेत बळ. मटिल्डा, जर्मन, लढाईत बळकट. वॅलेंटिना, लॅटिन, सशक्त. आतल्या पेटीत जे नव्हते ते तो बाहेर बसून शोधत होता, हे मला तेव्हाही दिसत होते.

"मटिल्डा म्हनायला माझ्या तोंडात दात तरी हायत का रे?" माझी बायको म्हणाली. ब्रिजिट ऐकून तिने विचारले की हे माणूस आहे की खोकल्याचे औषध. मुलगा हसला, त्या दिवसांत तो एवढाच एकदा हसला. मग तो इमारा या नावाशी थांबला. आफ्रिकेतली स्वाहिली भाषा, अर्थ भक्कम, न डगमगणारी. भिंतीला धरून उभ्या असलेल्या सुनेने मान हलवली.

माझ्या बायकोने मात्र नकार दिला. आमच्याकडे ज्या घरात आधीचे मूल टिकलेले नसते, तिथे पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नावाने हाक मारतात: दगडू, धोंडी, कचरू. अशा नावाकडे मरण वळून पाहत नाही, अशी समजूत. मूल सावरले की बारसे करायचे आणि मग खरे नाव तोंडातून काढायचे. "पेटीतून भायेर येऊ दे, मंग ठेव तुजं आफ्रिकेचं. तवर दगडी," ती म्हणाली.

नोंदणीचा अर्ज त्याच दिवशी भरून द्यायचा होता. मुलगा इमारा लिहायला निघाला, बायकोने त्याचा हात धरला, आणि दोघांचे आवाज चढले. तेव्हा मी मध्ये पडलो. नाव मागाहून कळवण्याची सोय कायद्यातच आहे, रकाना कोरा सोडा, असे मी सांगितले. मुलाने अर्ज तसाच भरून दिला. वाद कायद्याने मिटवल्याचे समाधान घेऊन मी घरी आलो.

पुढे दर तीन तासांनी सून आत जायची, पेटीच्या गोल भोकातून हात घालायची आणि हाक मारायची: दगडी, ए दगडी. बाहेर बसून ते ऐकताना मला संकोच वाटे. तेविसाव्या दिवशी सकाळी मुलगी गेली. मृत्यूच्या दाखल्यावर आईचे नाव आणि त्यापुढे दोन शब्द आले: 'यांची मुलगी'.

जन्माच्या दाखल्यावर नाव लावून घ्यायला मी दोन्ही दाखले घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. "काका, बाळ हयात नाय ना आता," तो हळूच म्हणाला. "नाव लावायचं ते कुनासाठी?"

या प्रश्नाने मी जो पेटलो तो कित्येक महिने शांत झालो नाही. कारकुनाविरुद्ध लिहिले, त्याच्या साहेबाला लिहिले, साहेबाच्या वरिष्ठांना लिहिले. जे मूल तेवीस दिवस श्वास घेते ते या देशाचे नागरिक असते. त्याला निनावी ठेवण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला, असे विचारले. प्रत्येक पत्रात इमारा हे नाव ठळक अक्षरांत होते. राग कार्यालयावर आहे अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

अकराव्या पत्राला दोन ओळींचे उत्तर आले. नावाची माहिती आईवडिलांनी किंवा पालकांनी द्यावी, तोंडी अथवा लेखी. आजोबांच्या पत्रावर कार्यवाही करता येत नाही. ते कलम मला पाठ होते. तोंडी, हा शब्द मी शंभरदा वाचला असेन. ज्यांच्या तोंडून नाव यायचे त्यांना विचारायला मात्र मी विसरलो होतो. मुलाला सांगितले तर तो म्हणाला, तिला विचारा, माझ्याच्यानं नाय होनार.

सून मुलगी गेल्यापासून माहेरी, वैशाखऱ्याच्या बाजूला होती. मुरबाडहून एसटीने गेलो. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिने हात पुसले, पाणी दिले, आणि मी पुढे केलेली फाइल उघडून सावकाश वाचली. अकराही पत्रे.

"बाबा, ही इमारा कोन?" तिने विचारले.

मी यादीची आठवण दिली, तिनेच मान हलवल्याची आठवण दिली.

"हलवली आसल. पन त्या नावानं मी तिला एकदाबी हाक नाय मारली. दगडी म्हनलं की ती माजं बोट धरायची."

दगडी हे नाव नव्हे, ते पांघरूण होते, सरकारी कागदावर ते शोभणार नाही, असे मी म्हणालो. म्हणताना मला माझाच आवाज कारकुनाचा वाटला.

"तुमाला कागदावर शोभलं पायजे," ती म्हणाली. "मला ती वळखू आली पायजे."

त्यानंतरच्या आठवड्यात ती आणि मुलगा खिडकीपाशी उभे राहिले, मी मागे. तिने नाव सांगितले. कारकुनाने माझ्याकडे पाहिले, कारण त्याच्यापुढच्या गठ्ठ्यात दुसरेच नाव अकरा वेळा लिहिलेले होते. तिने पुन्हा सांगितले, आणि त्याने ते टाइप केले.

नवा दाखला घरी आला त्या दिवशी बायकोने त्याला हात लावला नाही. ज्या नावानं राखन केली नाय ते कशाला लिवून आनलं, एवढेच ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मग मी बारावे पत्र लिहिले. आधीच्या अकरा पत्रांतील नाव रद्द समजावे. ते नाव ज्या मुलीचे म्हणून कळवले होते तिला त्या नावाने कोणी ओळखत नव्हते. रकाना कोरा राहण्यात कार्यालयाचा दोष नाही. तो अर्जदाराच्या सांगण्यावरून कोरा सोडण्यात आला होता. खाली सही केली. या पत्राला उत्तर मागितलेले नाही.