अळणी चटणी

सोलापुरात आमच्या शेजारच्या काकू शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत उखळात कुटायच्या. गिरणीतून निवृत्त झालेल्या काकांना कडक भाकरी आणि ही चटणी, एवढंच सुख. पुढं त्यांच्या पायांना सूज आली आणि वैद्यांनी मीठ बंद केलं. तेव्हापासून काकू त्यांच्यापुरती अळणी चटणी वेगळी कुटू लागल्या.

"चिमूटभर टाक की!" काका रोज म्हणायचे.

"न्हाय. तुमाला अजून लई जगायचंय."

वर्षाच्या आत काका गेलेच.

श्राद्धाला काकूंनी काकांच्या पानात सगळ्यात आधी मीठ वाढलं. भटजी म्हणाले, "बाई, नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत."

"देवाला नसंल लागत," मिठाला हात न लावता काकू म्हणाल्या. "ह्ये मागून मागून गेले."