सामाईक भिंत

आईच्या पलंगालगतच्या भिंतीवर बारीक ओरखडे आहेत. सकाळचं ऊन मोठ्या काचेतून तिरपं आत आलं की तेवढ्यापुरते ते दिसतात. काल रंगारी येऊन बघून गेला. एका हातात सगळं झाकून जाईल म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बेंगळुरात सर्जापूर रोडवरचं हे घर घ्यायला आलो, तेव्हा विक्रीवाल्या बाईंनी तरणतलाव, व्यायामशाळा असं सगळं हौसेनं दाखवलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, इथे तुमची एकही भिंत शेजाऱ्याला लागून नाही." आलिशान घर आणि साधं घर यांतला खरा फरक म्हणे हाच. साध्या घरात शेजारी ऐकू येतो. मी तेव्हा सुखावले होते, खोटं कशाला बोलू?

माझं बालपण मात्र जुन्या बेंगळुरातल्या एका वठारात गेलं. एका अंगणाभोवती ओळीनं चिकटलेली घरं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे एका कन्नड अक्कांचं स्वयंपाकघर होतं. सकाळी ज्या घरात कॉफीचं डिकॉक्शन आधी उतरेल, तिथून मनगटानं भिंतीवर टकटक व्हायची. मग दुसऱ्या घरात तेच घेऊन फक्त दूध तापवायचं. आईचं आटपलं नसेल तर ती इकडून ओरडायची, "स्वल्प थांबा अक्का!" पलीकडून "सरी", म्हणजे बरं, असं यायचं आणि पाठोपाठ हिरव्या बांगड्यांची किणकिण. माझी सकाळ त्या आवाजानं व्हायची. पुढे वठार पाडलं, अक्का आनेकलला लेकीकडे गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. आईला सांगितलं तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती.

म्हातारपणी ती माझ्याकडे आली, तोवर तिला बरंच काही आठवेनासं झालं होतं. अक्का गेल्याचंही. या घरात तिच्या खोलीला लागून आहे ते माझं स्वयंपाकघर. एका सकाळी मी कॉफी करत असताना पलीकडून टकटक झाली. बाबा गेल्यापासून आईच्या हातात सोन्याची एक पाटली तेवढी होती, ती भिंतीवर वाजत होती. मी बोटाच्या पेरानं उलट टकटक केली. "सरी, सरी," आई पलीकडे खुशीत म्हणाली. मग ते रोजचंच झालं. मी दूध घेऊन गेले की ती मला सांगायची, आज अक्कांचं लवकर आटपलं हं. मीही मान डोलवायची.

एकदा मात्र टकटकीनंतर आईचा अगदी हळू आवाज आला, "अक्का, तुमच्या पण बांगड्या गेल्या का हो?"

दिवसभर कीबोर्ड बडवणारी बाई मी, हातात घड्याळाशिवाय कधी काही घातलं नव्हतं. त्याच दिवशी बाजारात जाऊन हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या भरून आले. ऑफिसात सगळ्या विचारायला लागल्या, काय गं, घरात लग्न आहे का? दुसऱ्या सकाळी भिंतीवर मनगट आपटलं, बांगड्या किणकिणल्या आणि पलीकडे आई मोकळं हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आई जाऊन आता वर्ष होत आलं. उद्या भिंत रंगवून होईल, मी रंगाऱ्याला अडवणार नाही. बांगड्या तेवढ्या अजून उतरवल्या नाहीत. सकाळी डिकॉक्शन उतरलं की माझं मनगट आपसूक भिंतीकडे जातं. बांगड्या वाजतात आणि मी दूध तसंच ठेवून जराशी थांबते. पलीकडून काहीच ऐकू येत नाही. इतकी शांतता आम्ही हौसेनं विकत घेतली आहे.