सूर्योदय उघडेपर्यंत

फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या एका बोट कंपनीची वेबसाइट स्टिग एकलुंडने बनवली होती आणि तिचा त्याला पहिल्या लेकराइतका अभिमान होता. पान उघडलं की आधी सूर्योदयाची फिल्म, तीत उडणारा सीगल, मग सरकते फोटो. बुकिंगचं बटण या सगळ्या वरातीच्या मागून यायचं. ऑफिसातल्या दणकट नेटवर पान पापणी लवायच्या आत उघडे. साहेबांनी पाठ थोपटली, वर दालचिनीचे बन मागवले. दुसरीकडे कुठे ते उघडून बघावं, हे बन खाणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लहान बेटांवर बोट आधी बुकिंग असेल तरच थांबते. त्या वर्षी कंपनीने जाहीर केलं की लिल्शेरहून कोणी बुकिंगच करत नाही, तेव्हा नाताळनंतर तिथली बोट बंद. लिल्शेरवर घरं तीन, त्यातल्या एकात स्टिगची गुनवोर मावशी. बोट गेली की तिला घरदार सोडून शहरात यावं लागणार होतं. स्टिगने फोनवर उलट तिलाच फैलावर घेतलं. म्हाताऱ्यांना एक बटण दाबायचा कंटाळा, म्हणाला.

"तूच ये आणि दाबून दाखव," मावशी म्हणाली.

शनिवारी स्वारी लॅपटॉप घेऊन हजर झाली. येतानाचं बुकिंग अर्थातच ऑफिसातून केलेलं. मावशीच्या स्वयंपाकघरात बसून त्याने परतीचं करायला घेतलं, तर समोर पांढरं पान. कॉफी झाली, माशाचं सूप झालं, तेव्हा कुठे सीगलची चोच दिसली. शेजारी बघायला जमले. इकडची माणसं बोलत नाहीत. नुसती बघतात, आणि ते जास्त लागतं. बुकिंगची मुदत टळली. स्टिग धक्क्यावर धावला, दोन्ही हात हलवले. कप्तानानेही प्रेमाने हात हलवला आणि बोट पुढे नेली. बुकिंग नाही म्हणजे थांबा नाही, मग धक्क्यावर सख्खा भाऊ का उभा असेना.

"पक्षी फार सुरेख आहे रे तुझा," मावशी म्हणाली. "पण आम्हाला बोट हवी होती."

त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. त्याने बसून लाडक्या लेकराची हजामत केली. फिल्म गेली, फोटो गेले, लोकांच्या क्लिकवर पाळत ठेवणारं लटांबर गेलं. उरलं बेटाचं नाव, तारीख आणि बटण. तिथल्या रडक्या नेटवरही पान झटकन उघडलं. मावशीने चष्मा लावला आणि स्वतः बटण दाबलं.

पुढे साहेब पान भिकारडं दिसतं म्हणून कुरकुरले, पण बेटाबेटांवरून बुकिंग येऊ लागलं आणि लिल्शेरची बोट राहिली. ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी बोट धक्क्याला लागली तेव्हा स्टिगशेजारी मावशी ठेवणीतला कोट घालून उभी होती, मागे दोन्ही घरचे शेजारी. शहरात काय काम काढलंत, कप्तानाने विचारलं.

"काम काही नाही," मावशी म्हणाली. "आम्ही बोलावल्यावर येतोस का, ते बघायचं होतं."