गाय दुसऱ्यांदा पान्हावेपर्यंत

आठवडी बाजारात मी कधीच सकाळी गेलो नाही. मोह, हिरडा, चारोळी घेऊन आलेली माणसं सकाळी ताठ असतात. उन्हं कलली आणि परतीची वाट आठवू लागली की टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन जंगलातून चालण्यापेक्षा देऊन टाकलेली बरी, असं त्यांना वाटू लागतं. मी तेव्हा पोचतो. सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून धंदा सुरू केला तेव्हापासून हेच करत आलो, आणि त्याच्यावरच सिंदेवाहीत दुकान आणि गोदाम उभं केलं. ज्याला घाई तो हरतो. हे मला कोणी शिकवलं नाही.

बहिणीला मात्र मी शिकवलं. ती रसायनशास्त्र शिकली, मोठ्या शहरात राहून आली आणि आता चंद्रपूरच्या एका दवाखान्यात किरणोत्सर्गी औषधं तयार करते. ही औषधं आजार बरा करत नाहीत. तो कुठे बसला आहे ते दाखवतात. एकदा तिनं मला समजावलं होतं, "भाऊ, गोचीड कसा ढोराच्या अंगावर जागा पाहूनच चिकटते? तसंच हे. गाठीच्या अंगावर ठरलेल्या जागा असते, त्याले आमी रिसेप्टर म्हणतो. आमचं औषध तिथीच चिकटते. आमी फक्त गोचिडाच्या पाठीवर दिवा बांधून देतो. मंग बाहेरून मशीनले तो दिवा दिसते."

तिचं पहिलं काम मेंदूचं होतं. आईचे हात थरथरायचे, त्यामुळेच तिनं ते धरलं असावं. औषध मेंदूत शिरतच नाही, शिरलं तर भलतीकडेच चिकटतं, नाहीतर चिकटायच्या आधीच वाहून जातं, असं ती फोनवर सांगायची. कित्येक वर्षं हेच चाललं. मग आई गेली. मी बहिणीला सकाळीच फोन केला, दुपार कलेपर्यंत आईची माती थांबवली. ती आली तेव्हा आम्ही नदीवरून आंघोळ करून परतलो होतो. अंगणात मी तिला एवढंच विचारलं, "काऊन?" ती म्हणाली, "काम अर्ध्यात होतं." माझं सगळं आयुष्य कामात गेलं, पण आईपुढे काम ठेवावं असं मला कधी सुचलं नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलत होतो.

गेल्या वर्षी बायकोचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायला लागला. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. पोट बिघडायला लागलं तेव्हा तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली, यकृतावरही डाग होते. डॉक्टरांनी सांगितलं, या गाठींवर रिसेप्टर असतील तर त्यांच्यावरच जाऊन बसणारं आणि त्यांना जाळणारं औषध आहे. नसतील तर फार काही हातात नाही. ते आहेत की नाहीत हे कळायला आधी बहिणीचं औषध टोचून फोटो काढावा लागणार होता.

बहिणीनं फोन माझ्याऐवजी बायकोला केला. "वहिनी, दहाच्या आत या. भाऊले सांगजा, इथी बाजार नाई."

मी वेळेवर निघालो नाही. थोडी सवय होती आणि थोडं मनात होतं की एकदा तिलाही वाट पाहू दे. वर वाटेतल्या मूल गावच्या टपरीवर गाडी थांबवून चहा मागवला.

"अवो, उशीर होऊन राह्यला," बायको म्हणाली. "नणंदबाई वाट पाहत असन."

"पाहू दे. मीबी पाह्यली होती."

तिनं चहाला हात लावला नाही.

दवाखान्यात पोचलो तर बहीण दारातच उभी. "भाऊ, औषध गेलं."

"कुठी गेलं?"

"कुठी जाईन? शिशीतल्या शिशीत. तासाभरात अर्धं होते ते, पुढच्या तासाले त्याच्याबी अर्धं. उरलं ते एकालेच पुरत होतं. जो हजर होता त्याले दिलं."

हजर होता तो भामरागडकडचा एक म्हातारा. कालपासून बायकोला घेऊन व्हरांड्यात मुक्कामाला होता. त्याची बायको समोरच बाकावर बसली होती. माझा आवाज चढला. सख्ख्या वहिनीचं औषध दुसऱ्याला देते, असं म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. दरवाजावरचा चौकीदार स्टूल सोडून उभा राहिला.

"आणखी काढ," मी शेवटी म्हणालो.

"गाय आत्ताच दोहली, भाऊ. कास भराले वेळ लागते."

शिशाच्या जाड भिंतीत ठेवलेल्या एका भांड्याला ते लोक गाय म्हणतात. त्यात एक धातू हळूहळू दुसरा होत राहतो, तो दुसरा धुऊन काढला की झालं दोहणं. मग तो पुन्हा साठेपर्यंत थांबायचं.

"थोडी तर भरली असन? अर्धं काढ. अर्ध्यात भागवू."

"अर्ध्यात दिवा मिणमिणते. डॉक्टरले दिसणार नाई. तो लिहीन, रिसेप्टर नाई. वहिनीसाठी असं लिहून पायजे काय तुले?"

जन्मभर माझा सौदा अर्ध्यावर पटत आला. इथे अर्ध्याला काहीच अर्थ नव्हता.

बाकावरची म्हातारी हे सगळं ऐकत होती. ती बायकोकडे वाकून म्हणाली, "गाय कुठी बांधली वं इथी? आमी माडिया लोक गाय दोहतच नाई. दूध वासराचं राहते." मग माझ्याकडे हनुवटी करून, "हे वासरू लय हंबरते."

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला राग आला आणि गेलाही.

दुपारपर्यंत थांबायचं होतं. बहिणीनं डबा आणून वहिनीपुढे उघडला आणि माझ्याजवळ खिडकीशी येऊन उभी राहिली.

"आईच्या दिवशीबी हेच होतं, भाऊ. ते मेंदूचं औषध पहिल्यांदा माणसाले द्याचं होतं. त्याच्या गोळ्या आदल्या दिवशीपासून बंद केल्या होत्या, तो लाकडासारखा आखडून पडला होता. औषध तपासून सोडणारी मी एकटी. तुहा फोन आला तवा ते तयार होऊन राह्यलं होतं."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तू अंगणभर लोकांसमोर विचारलं. तिथी काय सांगणार होते?"

मग म्हणालो, "तरी मातीले याचं होतं."

"याचं होतं," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही. घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

गाय भरली. बहीण आत गेली, औषध बनवलं, तपासलं. बायकोला टोचून मशीनखाली नेलं. मी म्हातारीशेजारी बसून राहिलो. तिचा म्हातारा बाहेर येऊन भिंतीला टेकला होता.

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. होळीच्या सुमारास अंधारात लांबच्या डोंगरावर वणव्याचे ठिपके दिसतात, तसे बायकोच्या काळ्या पोटात ठिपके पेटले होते. एक आतड्यात, बाकीचे यकृतात. मी ते मोजायला लागलो. मागून बहीण म्हणाली, "चिकटलं, भाऊ. सगळीकडे चिकटलं." तेव्हा कळलं, उजेड पडला ते बरं झालं. आता जाळणारं औषध देता येणार होतं. आजार एवढा लख्ख दिसला म्हणून आनंद व्हावा, असा हिशेब मी कधी ऐकला नव्हता.

निघताना डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, पाणी भरपूर प्या, औषधाची किरणं अंगात आहेत, आज घरी नातवाला मांडीवर घेऊ नका. बहीण फाटकापर्यंत आली. मी गाडी सुरू केली. माझा राग पुरता गेलेला नाही. इतक्या वर्षांचा, तो एका दुपारीत कसा जाईल?

मूलच्या त्याच टपरीपाशी बायकोनं गाडी थांबवायला लावली.

"सकाळचा चहा राह्यला माहा. आणि बाईले फोन लावा, पोचलो म्हणून."

"अजून पोचलो कुठी?"

"लावा."

लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला.